संगणकाची अंतर्बाह्य ओळख

ही स्मरणिका हाती घेणाऱ्या वाचकांत किमान तीन पिढ्या आहेत. पाटीवर अक्षरे गिरवून शिकलेले जुने माजी विद्यार्थी आहेत, नोकरीला लागल्यावर कार्यालयात प्रथमच संगणकासमोर बसलेले पालक आहेत आणि कळू लागल्यापासून घरात मोबाईल पाहत आलेली आजची मुलेही आहेत. या तिन्ही पिढ्यांना संगणकाशी संबंध टाळता येत नाही. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीचे प्रकरण, बँकेचे खाते, परीक्षेचा निकाल यांपैकी एकही काम आता त्याच्याविना पुरे होत नाही. असे असूनही या यंत्राच्या आत काय असते, त्याचे प्रकार किती, एक संगणक महाग आणि दुसरा स्वस्त का, या साध्या प्रश्नांची उत्तरे सुशिक्षित घरांतही सहसा मिळत नाहीत.

या अज्ञानाची किंमत रुपयांत मोजावी लागते. मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर पुढील शिक्षणास निघाली की घरात संगणकाचा विषय निघतो. आईवडील भिशीची रक्कम उचलतात, पतसंस्थेतून कर्ज काढतात आणि दुकानदार जो देईल तो संगणक घेऊन घरी येतात. वर्षभरात तो मंदावला की तोच दुकानदार ‘हा जुना झाला, नवा घ्या’ असे सांगतो, आणि त्याचे म्हणणे खरे की खोटे हे तपासण्याचे कोणतेही साधन घरात नसते. प्रस्तुत लेखात आम्ही संगणकाचे प्रकार व त्याचे प्रमुख भाग यांचा परिचय करून देत आहोत तो याच हेतूने. ज्याला यंत्राचे भाग ठाऊक असतात, त्याला प्रश्न विचारता येतात; आणि ज्याला प्रश्न विचारता येतात, त्याची फसवणूक करणे अवघड जाते.

संगणक म्हणजे काय?

बाहेरून माहिती घेणे, दिलेल्या सूचनांप्रमाणे तिच्यावर प्रक्रिया करणे, ती साठवून ठेवणे आणि निष्कर्ष बाहेर देणे ही चार कामे जे यंत्र करते, त्यास संगणक म्हणतात. शाळेच्या निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. वर्गशिक्षक कळफलकावरून गुण भरतात, ही माहिती आत जाणे होय. यंत्र बेरीज करून टक्केवारी काढते, ही प्रक्रिया. निकाल तबकडीवर नोंदला जातो, ही साठवण. आणि छपाईयंत्रातून गुणपत्रिका बाहेर पडते, हे फलित. गावातील सेवा केंद्रापासून अवकाश संशोधन केंद्रापर्यंत कोणताही संगणक पाहिला तरी मूळ चौकट हीच आहे.

ही सारी कामे संगणक केवळ दोन चिन्हांच्या आधारे करतो: शून्य आणि एक. विजेच्या मंडलातील दोन अवस्था त्याला ओळखता येतात, त्या अवस्थांना आपण ही दोन नावे दिली आहेत. अशा एका चिन्हाच्या जागेला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिट मिळून एक ‘बाईट’ होतो. इंग्रजीचे एक अक्षर साठवण्यास सामान्यतः एक बाईट लागतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाईट लागतात. ‘संगणक’ या शब्दात स, अनुस्वार, ग, ण आणि क अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे हा एक शब्द यंत्राच्या स्मृतीत पंधरा बाईट जागा व्यापतो.

सुमारे हजार बाईटचा एक किलोबाईट, हजार किलोबाईटचा एक मेगाबाईट, हजार मेगाबाईटचा एक गिगाबाईट आणि हजार गिगाबाईटचा एक टेराबाईट, अशी ही मापे चढत जातात. यातील ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साठवण उपकरणे तयार करणाऱ्या कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, तर विंडोजसारखी प्रणाली १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे एक टेराबाईटची नवी तबकडी जोडल्यावर पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाईटच दिसतात. दुकानदाराने माप मारले, असा संशय अनेकांना येतो. पण येथे जागा कोठेही गेलेली नसते, केवळ मोजपट्टी बदललेली असते.

कार्यपद्धतीनुसार प्रकार

कार्यपद्धतीच्या दृष्टीने संगणकाचे तीन प्रकार मानले जातात. पहिला अनुरूप अर्थात ॲनालॉग. तापमान, दाब, वेग यांसारख्या सलग बदलणाऱ्या राशी तो तशाच सलग रूपात हाताळतो. ज्वरमापकातील पारा अंशाअंशाने न उडता सलग चढतो, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. दुसरा अंकीय अर्थात डिजिटल. तो प्रत्येक गोष्टीचे अंकांत रूपांतर करून काम करतो. आज आपण ज्याला संगणक म्हणतो तो बहुतेक वेळा हाच असतो. तिसरा संकरित अर्थात हायब्रिड. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या हृदयाचे ठोके सलग संकेताच्या रूपाने घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रणा हे त्याचे परिचित उदाहरण होय.

आकार व क्षमता यांनुसार प्रकार

सर्वांत वरच्या पायरीवर महासंगणक येतो. हजारो प्रक्रियक एकाच वेळी एकाच समस्येवर कामाला लावणे, हे त्याचे मर्म आहे. या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. परदेशातून प्रगत महासंगणक मिळण्यात अडथळे येऊ लागले, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ हा भारतीय महासंगणक सिद्ध झाला. या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले. ‘परम’ हे नाव श्रेष्ठत्व सुचवते, तसेच समांतर पद्धतीने काम करणाऱ्या यंत्राच्या इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूपही आहे.

आज पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ साली कार्यान्वित झालेला ‘अर्क’ हा महासंगणक आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. इतकी शक्ती कशासाठी लागते? पावसाचा अंदाज वर्तवताना वातावरणाची कल्पनेने लहान लहान चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीतील तापमान, आर्द्रता, वारा व दाब यांची गणिते सोडवावी लागतात. चौकट जितकी लहान, तितका अंदाज गावाच्या जवळ येतो. पण चौकटींची संख्या व गणितांचा पसारा अनेक पटींनी वाढतो. पेरणी कधी करावी या शेतकऱ्याच्या प्रश्नाचा धागा असा थेट महासंगणकापर्यंत पोहोचतो.

दुसऱ्या पायरीवर मेनफ्रेम येतो. एकाच समस्येची अवघड उकल करण्यापेक्षा लाखो लहान व्यवहार न चुकता, न थांबता पार पाडणे हे त्याचे काम. मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांचे व्यवहार अशा यंत्रांवर चालत आले आहेत. आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेली ‘सिस्टिम ३६०’ ही मालिका या प्रकारातील मैलाचा दगड मानली जाते.

तिसरी पायरी लघुसंगणकाची, म्हणजे मिनी कॉम्प्युटरची. १९६५ साली आलेल्या ‘पीडीपी-८’ या यंत्राने महाविद्यालये व मध्यम कारखाने यांच्या आवाक्यात संगणक आणला. हा प्रकार आता त्या नावाने फारसा उरलेला नाही. त्याची जागा सर्व्हरने घेतली आहे. अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून माहिती व सेवा पुरवतो तो सर्व्हर. निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा आपला मोबाईल बिघडलेला नसतो. लाखो विद्यार्थी एकाच वेळी त्याच सर्व्हरकडे उत्तर मागत असतात.

चौथी आणि आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाची पायरी सूक्ष्मसंगणकाची. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ या नावाचा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला. नखाहूनही लहान अशा सिलिकॉनच्या एका तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर कोरलेले होते. त्यातूनच पुढे १९८१ साली आयबीएमचा व्यक्तिगत संगणक आला आणि एका माणसासाठी एक संगणक ही कल्पना रुजली. टेबलावरचा डेस्कटॉप, मांडीवरचा लॅपटॉप, टॅबलेट आणि खिशातला स्मार्टफोन ही सगळी याच कुळातील भावंडे. मोबाईल हा संगणक नव्हे, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. परंतु प्रक्रियक, स्मृती, साठवण, आदान आणि प्रदान ही पाचही अंगे त्यात पूर्णपणे असतात.

याखेरीज एक पाचवा प्रकार आहे, जो आपल्या नजरेस पडत नाही. कपडे धुण्याचे यंत्र, नवे वीजमीटर, मोटारसायकलचे इंधन नियंत्रण यांच्या पोटात एकाच ठरावीक कामासाठी बसवलेला लहानसा संगणक असतो. त्यास अंतःस्थापित संगणक म्हणतात. संख्येने हाच प्रकार सर्वाधिक आहे.

पेटीच्या आत काय असते?

डेस्कटॉपची उभी पेटी बोलीभाषेत ‘सीपीयू’ म्हणून ओळखली जाते. हे नाव चुकीचे आहे आणि ते का चुकीचे हे समजून घेतल्यास पुढचे सारे सोपे होते. पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू हा तिच्या आत बसवलेला एक लहानसा चौकोनी तुकडा आहे. ‘सीपीयू बिघडला’ असे आपण म्हणालो, तर दुरुस्ती करणारा संपूर्ण प्रक्रियकाची किंमत सांगू शकतो, बिघाड मात्र कदाचित दोनशे रुपयांच्या सुट्या भागाचा असतो. यास्तव प्रत्येक भाग नावानिशी ओळखणे हिताचे.

मदरबोर्ड हे पेटीतील सर्वांत मोठे हिरवे, निळे वा काळे पटल. इतर सर्व भाग यावर बसतात अथवा तारांनी त्यास जोडले जातात. तो स्वतः फारसे गणित करत नाही. सर्वांना एकमेकांशी जोडणारा रस्ता तो पुरवतो. कोणता प्रक्रियक बसेल, स्मृती किती वाढवता येईल, हे मदरबोर्डवरूनच ठरते. म्हणून स्वस्त मदरबोर्ड घेऊन केलेली बचत पुढे आड येते.

प्रक्रियक, म्हणजेच खरा सीपीयू, हा संगणकाचा कर्ता घटक. त्याचे तीन भाग सांगितले जातात. अंकगणिती व तार्किक विभाग बेरीज-वजाबाकी आणि तुलना करतो, नियंत्रण विभाग कोणी केव्हा काय करावे हे ठरवतो आणि रजिस्टर नावाच्या अगदी लहान कप्प्यांत हातातले आकडे ठेवले जातात. त्याचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. आजच्या प्रक्रियकात चार, सहा, आठ असे ‘कोर’ असतात. एका स्वयंपाकघरात चार आचारी असावेत, तसे हे आहे. भाजी, भाकरी, वरण व भात एकाच वेळी होऊ शकतात. मात्र एकच भाकरी चौघांनी मिळून लवकर भाजता येत नाही. त्याचप्रमाणे काही कामांना कोर वाढवून उपयोग होत नाही. काम करताना प्रक्रियक तापतो, म्हणून त्यावर धातूच्या पाकळ्या आणि पंखा बसवलेला असतो.

रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती. सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. मूल अभ्यासाला बसते तेव्हा कपाटातील वह्या-पुस्तके टेबलावर काढून ठेवते. कपाट म्हणजे साठवण आणि टेबल म्हणजे रॅम. टेबल मोठे असेल तर चार पुस्तके एकाच वेळी उघडी ठेवता येतात. लहान असेल तर दर वेळी एक मिटून दुसरे काढावे लागते आणि वेळ जातो. वीज गेली की हे टेबल पूर्ण रिकामे होते. म्हणूनच जतन न केलेले लिखाण नाहीसे होते. ‘पाचशे जीबीची मेमरी आहे’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो कपाटाविषयी बोलत असतो, टेबलाविषयी नाही. टेबल किती मोठे, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते.

रॉम ही कायमची स्मृती. वीज चालू होताच सर्वप्रथम काय करायचे, याच्या मूळ सूचना ज्या चिपमध्ये असतात ती पूर्वी खरोखरच न बदलणारी असे. आता तिच्यात सुधारणा करता येते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची एक बॅटरीही असते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ ती चालू ठेवते. दर वेळी संगणक सुरू केल्यावर तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसत असेल, तर ही बॅटरी संपली असे समजावे. ती बदलण्यास फार पैसे लागत नाहीत.

साठवण उपकरणे हे आपले कपाट. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि एक सुईसारखा हात त्यांवरून माहिती वाचतो. १९५६ साली आयबीएमने तयार केलेल्या पहिल्या अशा यंत्रात पन्नास तबकड्या होत्या, त्याचे वजन एक टनाच्या आसपास होते आणि त्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा एकही भाग नाही. माहिती चिपमध्ये राहते. त्यामुळे ती अनेक पटींनी वेगवान असते आणि प्रवासातील हादऱ्यांनी तिला सहसा इजा होत नाही. हार्ड डिस्क मात्र चालू असताना हलवली अथवा पाडली तर कायमची निकामी होऊ शकते.

एसएमपीएस ही वीजपुरवठ्याची पेटी. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत करते. खेड्यांतील कमी-जास्त होणाऱ्या दाबाचा पहिला तडाखा हिलाच बसतो. बटण दाबूनही पंखा फिरत नाही आणि दिवाही लागत नाही, तेव्हा बहुधा दोष वीजपुरवठ्याच्या मार्गात असतो. तबकडीवरील माहिती सुखरूप असण्याचा संभव मोठा असतो.

ग्राफिक्स कार्ड चित्रे पडद्यावर उमटवण्याची गणिते करते. लिखाण, अभ्यास, हिशेब यांसाठी प्रक्रियकातच अंतर्भूत असलेली सोय पुरते. त्रिमितीय आरेखन, चित्रफितींचे संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायचे असतील, तरच स्वतंत्र कार्डावर खर्च करावा.

प्रगती किती झाली हे पाहायचे तर मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘टिफ्रॅक’ या यंत्राकडे पाहावे. १९६० साली कार्यरत झालेल्या, भारतातच घडवलेल्या या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण दहा किलोबाईट. आज मोबाईलने काढलेल्या तीन मेगाबाईटच्या एका छायाचित्रास त्याच्या सुमारे तीनशे पट जागा लागते. तरीही त्याच दहा किलोबाईटच्या बळावर आपल्या शास्त्रज्ञांनी गंभीर संशोधन केले, हे विसरता कामा नये.

बाहेरची अंगे

माहिती आत नेणाऱ्या साधनांत कळफलक प्रमुख. मराठी लिहिण्यासाठी वेगळा कळफलक विकत घ्यावा लागत नाही. भारत सरकारने प्रमाणित केलेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी प्रत्येक आधुनिक संगणकात असते. तिच्यात स्वर प्रामुख्याने डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मुलांनी ती एकदा शिकून घेतल्यास सर्व भारतीय लिप्यांत जवळजवळ तीच मांडणी उपयोगी पडते. माऊस हे दुसरे साधन. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले होते. स्कॅनर, मायक्रोफोन, कॅमेरा, बोटाच्या ठशाचे यंत्र ही याच गटातील होत.

बाहेर देणाऱ्या साधनांत मॉनिटर, छपाईयंत्र व ध्वनिक्षेपक येतात. छपाईयंत्राविषयी एक सूचना उपयुक्त ठरेल. यंत्राची किंमत पाहताना शाईच्या नळकांड्याची किंमत आणि त्यात किती पाने निघतात हेही विचारावे. स्वस्त यंत्राची महाग शाई वर्षभरात सगळी बचत खाऊन टाकते. टंकलेखन व अर्ज छापण्याचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांनी तर दर पानाचा खर्च काढल्याविना खरेदी करू नये.

खरेदी करताना

येथवरची माहिती व्यवहारात कशी उतरते ते पाहू. दुकानात जाण्यापूर्वी काम काय आहे ते ठरवावे. शालेय अभ्यास, लिखाण, ऑनलाइन वर्ग आणि हिशेब यांसाठी मध्यम प्रतीचा प्रक्रियक, आठ गिगाबाईट रॅम आणि २५६ किंवा ५१२ गिगाबाईटची एसएसडी पुरेशी होते. एक टेराबाईटची हार्ड डिस्क आणि चार गिगाबाईट रॅम असा संगणक कागदावर भारदस्त दिसतो, पण वापरताना कष्टी करतो.

विक्रेत्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. प्रक्रियक कोणत्या पिढीचा आहे? रॅम किती आणि पुढे वाढवता येते का? साठवण एसएसडी आहे की हार्ड डिस्क? हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती केंद्र कोणत्या गावी? बिलावर प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक मिळेल का?

पिढीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘आय-७’ असे चकचकीत चिकटपत्र दाखवून संगणक विकले जातात. प्रक्रियकाच्या पूर्ण क्रमांकात पिढी लपलेली असते. ‘आय-५ ८२५०’ हा आठव्या पिढीचा, तर ‘आय-५ १२४००’ हा बाराव्या पिढीचा. चौथ्या पिढीच्या आय-७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ अनेक कामांत सरस ठरतो. हा क्रमांक चिकटपत्रावरून न घेता संगणक सुरू करून त्याच्या माहितीच्या चौकटीत स्वतः पाहावा.

जुना संगणक घेणे यात कमीपणा नाही. पारखून घेतला तर तो उत्तम पर्याय आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सुरक्षा पाठिंबा संपला आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. अशा यंत्रांवर लिनक्सवर आधारलेली विनामूल्य प्रणाली बसवता येते आणि अभ्यासासाठी ती पुरते.

घरातील संगणक मंदावला असेल तर नवा घेण्यापूर्वी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून आणि शक्य असल्यास रॅम वाढवून पाहावे. नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा अंशात कित्येक संगणकांना पुढची काही वर्षे मिळतात. रॅम घेताना डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ यांपैकी आपला मदरबोर्ड कोणती स्वीकारतो हे पाहावे. यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

निगा

आपल्याकडील हवामान व वीजपुरवठा पाहता तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, भूसंपर्क. तीन पायांचे प्लग वापरावे आणि तिसरा पाय मोडून दोन पायांच्या छिद्रांत बसवण्याची सवय सोडावी. पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घेतल्याविना संगणक वापरू नये. दुसरी, यूपीएस. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरता वेळ मिळावा, एवढेच त्याचे प्रयोजन. त्यावर तासन्‌तास काम करण्याची अपेक्षा ठेवू नये. तिसरी, धूळ. आतील पंख्यावर व पाकळ्यांवर धूळ साचली की प्रक्रियक तापतो आणि संगणक अचानक बंद पडतो. वीज पूर्ण तोडून मऊ ब्रशने धूळ काढल्यास हा दोष बहुधा दूर होतो.

संगणक सुरू करताच ‘बीप’ असा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, तेव्हा पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. ती काढून, तिच्या सोनेरी कडा स्वच्छ करून पुन्हा नीट दाबून बसवली की यंत्र चालू होते. दहावीतला विद्यार्थीही शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करू शकतो. दोन अपवाद मात्र काटेकोरपणे पाळावे. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही तिच्यात घातक विद्युतभार शिल्लक राहतो. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी दाबू वा टोचू नये, तिने पेट घेण्याचा धोका असतो.

निकामी झालेले यंत्र भंगारवाल्यास देण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, मदरबोर्डवरही विषारी धातू असतात. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या की तो धूर जाळणाऱ्याच्या आणि शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांत जातो. हे काम हाताने करणारी माणसे बहुधा गरीबच असतात. त्यामुळे असे साहित्य अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडेच सोपवावे, आणि त्याआधी तबकडीवरील खासगी माहिती पुसून टाकावी.

समारोप

महासंगणकापासून मोबाईलपर्यंत आकार बदलतो, क्षमता बदलते, किंमत बदलते. माहिती घेणे, तिच्यावर प्रक्रिया करणे, ती साठवणे आणि निष्कर्ष देणे ही चौकट तीच राहते. ती एकदा उमगली की नवे यंत्र समोर आले तरी बावरून जाण्याचे कारण उरत नाही.

माजी विद्यार्थी आणि समाजबांधवांस आमची एक विनंती आहे. ज्यांना या विषयाचे ज्ञान आहे त्यांनी सुटीच्या एखाद्या दिवशी एक बंद पडलेला संगणक मुलांसमोर उघडावा आणि प्रत्येक भाग त्यांच्या हाती द्यावा. रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवलेल्या मुलीला संगणकाची भीती राहत नाही, आणि पुढे आईवडिलांबरोबर दुकानात गेल्यावर किमतीची घासाघीस करण्याआधी ती प्रक्रियकाची पिढी विचारते. घरच्या मेहनतीचा पैसा योग्य वस्तूवर खर्च व्हावा, यासाठी एवढी जाण पुष्कळ आहे.